ऑलिम्पिया कशी वाचली

रूलाबाईंच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. उशिरा दिलं असं नव्हे, दिलंच नाही. यावर कुणी म्हणेल, त्यात एवढं काय? वीज कंपनी मला दर महिन्याला पत्र लिहिते, तिला तरी मी कुठे उत्तर देतो? खरं आहे. पण वीज कंपनी रोज सकाळी माझ्या कपात कॉफी ओतायला येत नाही. रूलाबाई येत असत.

पत्र टपालानं आलं होतं, रीतसर तिकीट लावून. मी राहतो त्या घरापासून ऑलिम्पिया, म्हणजे रूलाबाईंचं खाण्याचं हॉटेल, हाकेच्या अंतरावर. मी रोज सकाळी तिथे खिडकीजवळच्या टेबलाशी पुस्तक उघडून बसणार, हे आमच्या हार्लन फॉल्स गावातल्या कुत्र्यांनासुद्धा ठाऊक. असं असताना बाईंनी टपालखात्याला मध्ये का घातलं, त्याचा खुलासा पत्रातच होता. 'समोर ताट ठेवून माणसाला काही विचारू नये, मास्तर. बिचारा नाही कसं म्हणणार?'

पुढे लिहिलं होतं: 'मी जागा विकतेय. पाडून तिथे घरं बांधणार आहेत, चार मजली. तळमजल्यावरचं एक मला देणार, तसं कबूल केलंय. जिना नाही, मास्तर! आत्ता दुकानाच्या वर राहते, पण माझे गुडघे हल्ली त्या जिन्याशी बोलत नाहीत. नगरपरिषदेची सभा होईल, लोक भांडतील. मला गर्दीपुढे बोलता येत नाही, ग्रीक येतं तोंडात. तुम्ही शिकलेले आहात. माझ्यासाठी दोन शब्द बोलाल? हो की नाही, तेवढं कळवा.'

तेवढं! मी आयुष्यभर शाळेत लॅटिन शिकवलं. लॅटिनमध्ये 'हो' असा सुटसुटीत शब्दच नाही. रोमन माणसाला हो म्हणायचं असलं, तर तो अख्खं वाक्य पुन्हा म्हणत असे. अशा लोकांच्या सहवासात ज्याचा जन्म गेला, त्याच्याकडून एका शब्दाचं उत्तर मागणं म्हणजे माशाला शिडी चढायला सांगणं. पहिला मसुदा लिहिला, तो इतका त्रोटक झाला की उद्धट वाटला. दुसरा लिहिला, तो प्राचीन रोममधल्या भाड्याच्या घरांपासून सुरू झाला आणि रूलाबाईंच्या गुडघ्यांपर्यंत पोचलाच नाही. तिसऱ्यात मी हो म्हटलंय की नाही, हे मलाच दुसऱ्यांदा वाचल्यावर कळेना.

आणि मसुदे बिघडत होते, त्याचं एक कारण साहित्यिक नव्हतं. ऑलिम्पिया पडली तर सकाळी मी जायचं कुठे? घरात माझ्याशी बोलणारा एक फ्रिज आहे, तोही मोटर सुरू झाली तरच.

म्हणून मी पत्र टेबलाच्या खणात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे ऑलिम्पियात गेलो. रूलाबाईंनी कॉफी ओतली, किटली हातात तशीच धरून उभ्या राहिल्या.

"काय मास्तर, काही विशेष?"

"कालचं सूप फार छान होतं."

"काल सूप नव्हतं."

"मग परवाचं."

"हं," म्हणाल्या आणि गेल्या. असं रोज चाललं. बाई रोज 'काही विशेष?' विचारत आणि मी रोज एकेका पदार्थाची स्तुती करी. सूप, ऑम्लेट, चेरी भरून भाजलेला गोड पाय, तळलेले बटाटे. शेवटी शेवटी तर मी केचपबद्दल चांगलं बोललो, जे बाटलीतून येतं.

अशात एक दिवस ऑलिम्पियाच्या दारापुढे नगरपालिकेचा पिवळा बोर्ड रोवला गेला. ही इमारत पाडण्याचा अर्ज आला आहे, हरकती असल्यास कळवाव्यात. हार्लन फॉल्सच्या माणसाला जेवायला बोलवा, तो विचार करून सांगेल. हरकतीला बोलवा, धावत येईल. संध्याकाळच्या आत बर्निस हॅडली माझ्या दारात हजर.

बर्निस माझ्या शाळेतली, एका वर्गातली. तेव्हाही ती वर्गाची मॉनिटर होती आणि त्या पदावरून तिला कुणी अधिकृतपणे कमी केलेलं नाही.

"ऑरिन, कळलं का तुला? आपली ऑलिम्पिया पाडतायत!"

"हो, म्हणजे…"

"आपली ऑलिम्पिया!"

मी रोज तिथे बसतो. बर्निस मला तिथे एकदाच दिसली होती, तीही जोराचा पाऊस आला म्हणून दाराच्या आत उभी राहिलेली. पण प्रेम दुरून करता येत नाही असं थोडंच आहे?

"चार मजले म्हणे!" बर्निस म्हणाली. "माझ्या गुलाबांवर सावली पडेल. गाड्या लावायला जागा उरणार नाही. आणि गावाचा चेहरा? चेहऱ्याचं काय? आपण ऑलिम्पियाला वारसा वास्तू ठरवून घ्यायची. एकदा तसा शिक्का बसला, की वीटही हलवता येत नाही. प्रस्ताव तू लिहायचा."

"मी?"

"मग कोण, मी? गावात पुस्तकं वाचणारा तू एकटा उरलायस."

इथे माझ्या बाजूनं एक गोष्ट नोंदवून ठेवतो, कारण पुढे फारशा नाहीत. मी विचारलं, "रूलाबाईंना विचारलंय का?" आवाज बारीक होता, पण विचारलं.

"तिला काय विचारायचं? तिच्याच भल्याचं आहे ना! खूश होईल."

खणातल्या पत्राबद्दल तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. मी तोंड उघडलंसुद्धा. बाहेर शब्द पडला, "बघतो." आमच्या गावात भिडस्त माणसाचा 'बघतो' म्हणजे होकार धरतात. बर्निसपुढे तर 'नाही'सुद्धा होकारच धरला जातो.

मग मी माझी समजूत घातली. इतिहास लिहायचा, एवढंच तर आहे. इतिहासानं कुणाचं वाईट झालंय? (हा प्रश्न मी, रोमचा इतिहास तोंडपाठ असलेला माणूस, स्वतःला विचारत होतो.) आणि नगरपरिषद असले प्रस्ताव फेटाळतेच. तोपर्यंत मी पत्राचं उत्तर लिहीनच.

अर्ज आणायला नगरपालिकेत गेलो. खिडकीशी ग्लेंडा. तिच्या टेबलावर कुंडीतलं एक झाड आहे, ते प्लॅस्टिकचं असूनही माना टाकून उभं असतं. अर्ज मी पुढून वाचला, मागून वाचला.

"ग्लेंडा, यात मालकाची सही कुठे घ्यायची?"

"लागत नाही."

"अगं, मला अंगणात अवजारांची शेड बांधायची होती, तर तुम्ही दोन्हीकडच्या शेजाऱ्यांच्या सह्या आणायला लावल्या होत्या."

"शेड वेगळी. शेडला इतिहास नसतो."

"म्हणजे कुणीही कुणाचीही इमारत…"

"पन्नास वर्षं जुनी असली की कुणीही. तुमचं घर कधीचं?"

मी अर्ज घेऊन बाहेर आलो. अर्जासोबत इमारतीचा समोरून काढलेला फोटो हवा होता, आणि फोटोत एकही गाडी नको. गाडी नको म्हणे! मेन स्ट्रीटवर! मी कॅमेरा घेऊन समोरच्या फुटपाथवर उभा राहिलो. एक गाडी हलली की दुसरी यायची. थंडीनं माझं नाक माझं राहिलं नाही. तेवढ्यात ऑलिम्पियाचं दार उघडलं आणि रूलाबाई लंगडत रस्ता ओलांडून आल्या, हातात कागदी कपात कॉफी.

"गारठून मराल, मास्तर. काय करताय?"

"फोटो… ऑलिम्पियाचा."

बाईंचा चेहरा एकदम निवळला. "आठवण म्हणून? जाणार म्हणून? काढा, काढा. थांबा!" तशाच लंगडत परत गेल्या, एप्रन काढून ठेवला, केसांवरून हात फिरवला आणि दारात उभ्या राहिल्या, मान ताठ करून, जणू लग्नाचा फोटो. त्या वेळी रस्त्यावर एकही गाडी नव्हती. मी बटण दाबलं. दुसरं काय करणार?

'ऑलिम्पिया बचाव समिती'च्या बैठका हमरस्त्याजवळच्या नव्या कॉफीच्या दुकानात होत. तिथे सोफे आहेत. एकदा मी सुचवून पाहिलं की आपण ऑलिम्पियातच भरवू या.

"तिथे?" बर्निस म्हणाली. "तिथली कॉफी म्हणजे भांडी विसळलेलं पाणी. आणि गाडी कुठे लावायची?"

खोटं कशाला सांगू, प्रस्ताव लिहिताना मला मजा आली. शाळेनं लॅटिन बंद केल्यापासून कुणी मला काही लिहायला सांगितलं नव्हतं. ऑलिम्पियाचं ते पुढे झुकून वर वळलेलं छप्पर, उडायच्या बेतात असलेल्या पण उडायचा धीर न झालेल्या पाखरासारखं. दारावरची निळी दिव्यांची अक्षरं, ज्यातलं एक कित्येक वर्षं आजारी आहे. लांबलचक काउंटर, गोल लाल स्टुलं. मी लिहीत गेलो, तळटिपा देत गेलो, तळटिपांना तळटिपा देत गेलो. मग बर्निसनं तो मजकूर तपासला. मी 'साधं' लिहिलं असेल तिथे तिनं 'दुर्मीळ' केलं. मी 'जुनाट' लिहिलं तिथे 'अभिजात'. 'तिसरं स्टुल डुगडुगतं' या वाक्याचं 'आसनं मूळ स्वरूपात जपलेली आहेत' असं झालं. मुखपृष्ठावर तिनं तो फोटो घातला, दारात उभ्या असलेल्या रूलाबाईंसकट.

"फोटोत माणूस चालतो का?" मी ग्लेंडाला आशेनं विचारलं.

"गाडी चालत नाही," ती म्हणाली. "माणसाबद्दल नियम नाही."

हळूहळू गावातल्या अंगणाअंगणांत पाट्या उगवल्या: 'ऑलिम्पिया वाचवा!' ऑलिम्पियाच्या शेजारी लाइलचं केस कापायचं दुकान आहे. लाइल माझा जुना विद्यार्थी, लॅटिनमध्ये दोनदा नापास झालेला, तरी अजून मला सर म्हणतो. त्याच्याही काचेवर पाटी दिसली, म्हणून मी आत डोकावलो.

"तुलाही वाचवायची आहे का रे?"

"छे हो सर! इथे घरं झाली असती तर शंभर डोकी आली असती राहायला. शंभर डोकी, सर! माझ्यासाठी लॉटरीच."

"मग पाटी?"

"बर्निसबाई चिकटवेपर्यंत मागे उभ्या होत्या. वस्तरा माझ्या हातात होता, तरी भीती मलाच वाटत होती." मग आवाज खाली आणून म्हणाला, "मी ऐकलंय, प्रस्तावातली भाषा काय एकेक आहे म्हणे! समितीत एवढं शिकलेलं कोण हो?"

मी म्हटलं, मानेवरचे केस जरा बारीक कर.

दुसऱ्या दिवशी रूलाबाईंनी कॉफी ओतली आणि खिडकीबाहेर हात केला. समोरच्या अंगणात ओळीनं पाट्या.

"मास्तर, हे लोक मला कुणापासून वाचवतायत?"

"पाडण्यापासून."

"पण पाडणार तर मीच आहे."

"हो."

"म्हणजे माझ्यापासून मला वाचवतायत." त्या हसल्या नाहीत. कपाखालची बशी उगाच सरळ केली. "मास्तर, एक विचारू? ताट समोर आहे, पण विचारते. माझं पत्र मिळालं होतं का हो तुम्हाला?"

मी म्हणालो, "टपालाचा हल्ली काही भरवसा नाही."

यात एक शब्द खोटा नाही. टपालाचा हल्ली खरोखरच भरवसा नाही. पण खरं बोलून इतकं लाजिरवाणं मला कधी वाटलं नव्हतं.

"हं," बाई म्हणाल्या. "मग सभेला तरी याल?"

"येणार तर! येणार म्हणजे काय!"

सभेच्या दिवशी मी एक कार्ड लिहून खिशात ठेवलं. त्यावर दोनच वाक्यं: 'रूलाबाईंना जिना नसलेलं घर हवं आहे. ते त्यांना मिळू द्या.' घरात आरशासमोर म्हणून पाहिलं. आरशातल्या माणसाला पटलं.

सभा शाळेच्या व्यायामशाळेत, बास्केटबॉलच्या जाळीखाली. प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटं. माइकशेजारी दिवा: हिरवा असेतो बोला, पिवळा झाला की आवरा, लाल झाला की बसा. गावात एवढी माणसं आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. रूलाबाई पहिल्या रांगेत होत्या, काळा कोट घालून, पर्स मांडीवर धरून.

लोक एकेक करून माइकपाशी येऊन रडले. एकानं बायकोला लग्नाचं तिथेच विचारलं होतं. एका बाईला तिथल्या कोपऱ्यातल्या बाकावर नवऱ्यानं घटस्फोटाचं सांगितलं होतं. तिलाही तो बाक जपायचा होता, का ते तिनं सांगितलं नाही. एका गृहस्थांनी तिन्ही मिनिटं गाड्या लावण्याच्या जागेवर खर्च केली आणि पिवळा दिवा लागल्यावर घाईघाईनं "आणि तिथला चेरीचा पाय!" असं म्हणून खाली बसले. बर्निस गुलाबांबद्दल एक अक्षर बोलली नाही. ती गावाच्या चेहऱ्याबद्दल बोलली.

मग नगराध्यक्षांनी कागद उचलला. "या प्रस्तावाचे लेखक, श्री. ऑरिन टॅल्मेज."

नाव! समितीचं नाव घालायचं ठरलं होतं. बर्निसनं मला मान द्यायचा म्हणून ऐन वेळी माझं घातलं होतं. मी उठलो आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. सत्तर पार केलेल्या माझ्या आयुष्यात मला कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. निरोपसमारंभातसुद्धा केक कापल्यावर वाजल्या, त्या केकला. टाळ्या वाईट, फार वाईट. पोटात काहीतरी गरम उतरतं आणि माणूस विसरतो की तो कशासाठी उठला होता.

मी माइकपाशी गेलो. हातात कार्ड होतं. पहिल्या रांगेत रूलाबाई माझ्याकडे बघत होत्या. लेखक म्हणजे काय हे त्यांना अजून पुरतं उमगलं नसावं, कारण त्यांनी मला धीर द्यायला मान हलवली.

मी घसा साफ केला. तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, "टॅल्मेजसाहेब, छप्पर दुर्मीळ आहे असं लिहिलंय. किती दुर्मीळ?"

"दुर्मीळ हा शब्द माझा नाही," मी म्हणालो. इथेच थांबून कार्ड वाचलं असतं तरी चाललं असतं. पण चुकीचा शब्द आपल्या नावावर खपला, की शिक्षकाला राहवत नाही. "मी 'साधं' लिहिलं होतं. साधं, परंतु प्रामाणिक. आता प्रामाणिक हे विशेषण छपराला लावावं का, हा प्रश्न आहे, त्याची चर्चा मी तळटिपेत केलीच आहे. त्या तळटिपेतही एक दुरुस्ती…"

पिवळा.

"…दुरुस्ती अशी, की वळण छपराचं नसून वाशांचं आहे. म्हणजे बघणाऱ्याला छपराचं वाटतं, पण मुळात…"

लाल.

"धन्यवाद," अध्यक्ष म्हणाले. "किती हा अभ्यास!" पुन्हा टाळ्या. मी जागेवर येऊन बसलो, तेव्हा घामानं कार्डावरची शाई पसरली होती.

शेवटी रूलाबाई उठल्या. माइक त्यांच्या उंचीला खाली करायला कुणी आलं नाही, म्हणून त्या मान वर करून बोलल्या.

"माझे गुडघे गेले," त्या म्हणाल्या. "मला दुकान बंद करायचंय. खाली एक खोली हवी, बिनजिन्याची, इथेच, या गावात. तुम्ही सगळे सांगताय, पहिल्यांदा दोघं मिळून फिरायला गेलो तेव्हा इथे आलो. गोड वाटलं. पण दुसऱ्यांदा कुठे गेलात?"

मला वाटलं, झालं, जिंकल्या बाई. आणि मग लोक हसले. प्रेमानं, पोटभर हसले, उभं राहून टाळ्या वाजवू लागले. माझ्या मागे कुणीतरी डोळे पुसत म्हणालं, "बघा! हेच! हेच वाचवायचंय आपल्याला!"

एकमतानं ठराव झाला. ऑलिम्पिया वाचली.

बर्निसनं रूलाबाईंना मिठी मारली. "वाचली गं तुझी ऑलिम्पिया!" आणि आठवण म्हणून प्रस्तावाची प्रत त्यांच्या हातात दिली. रूलाबाईंनी मुखपृष्ठ पाहिलं. दारात एप्रन काढून उभी असलेली बाई पाहिली. तिच्याखालचं माझं नाव वाचलं, ओठ हलवत, हळूहळू. मग गर्दीतून माझ्याकडे बघून म्हणाल्या,

"फोटो चांगला आलाय, मास्तर."

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मी कृतज्ञ राहिलो असतो.

त्यानंतर काही दिवस ऑलिम्पियात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळं गाव एका वेळेला आलं आणि एका वेळेला उशीर झाला म्हणून कुरकुरलं. रूलाबाई लंगडत कॉफी ओतत होत्या. माझ्याही कपात ओतली, पण 'काही विशेष?' विचारलं नाही. माझं नेहमीचं टेबल एका कुटुंबाला दिलेलं होतं. मी डुगडुगत्या स्टुलावर बसलो, मूळ स्वरूपातल्या. मग बर्फ पडलं आणि गाव पुन्हा सोफ्यांकडे गेलं. बर्फाबरोबर वरून एक फांदीही पडली, ती खिडकीवर, आणि काच फुटली. वारसा वास्तूला काच मूळच्यासारखी हवी, म्हणून बाईंनी परवानगीचा अर्ज केला. मूळच्यासारखी काच आता कुठेच मिळत नाही असं उत्तर आलं. दुसरी बसवायची परवानगीही आली नाही. खिडकीला प्लायवूड ठोकलं गेलं. 'वारसा वास्तू' असं कोरलेली काशाची पाटी मात्र चकचकीत आली, आणि प्लायवूडच्या शेजारी बसली.

एक दिवस सकाळी गेलो तर दाराला कुलूप.

"असं कसं बंद केलं तिनं?" बर्निस फुटपाथवर उभी राहून विचारत होती. "आपण एवढं केलं तिच्यासाठी! एका शब्दानं सांगायचं तरी!"

मी लाइलकडे गेलो. रूलाबाई टोलेडो शहरात बहिणीकडे गेल्या, असं त्यानं सांगितलं. बहीण दुसऱ्या मजल्यावर राहते. लिफ्ट नाही.

"काही निरोप…?"

लाइल खुर्ची पुसत राहिला. "नाही सर. मी विचारलं होतं, मास्तरांना काही सांगू का म्हणून. म्हणाल्या, मास्तरांना काय सांगायचं ते मी लिहून कळवलं होतं."

मी घरी आलो आणि सकाळची कॉफी स्वतःच करून प्यायलो. बर्निस ऑलिम्पियाच्या कॉफीला भांडी विसळलेलं पाणी म्हणाली होती; ते पाणी खरं तर असं लागत असणार. असे कितीतरी दिवस गेले. मग एक दिवस कोट चढवला आणि नगरपालिकेत गेलो.

"ग्लेंडा, लावलेला शिक्का काढायचा असेल तर?"

ग्लेंडानं चष्मा काढला. "काढायचा? कुणी विचारलं नाही अजून." ती आत गेली, बराच वेळ खुडबूड केली आणि धूळ झटकत एक अर्ज घेऊन आली. "आहे. बिल्डरचा अर्जही अजून उभा आहे. उन्हाळ्यापर्यंत थांबतो म्हणालाय, त्यापुढे नाही. यावर ज्यानं प्रस्ताव लिहिला त्याची सही. मालकाची सही."

"मालकाची सही? लावताना लागत नव्हती!"

"लावताना कशाला लागेल? मान देतोय ना आपण. काढताना फसवाफसवी होते." तिनं बोट ठेवलं. "आणि लेखकानं सभेत हजर राहून सांगायचं, की माझं म्हणणं मी मागे घेतो. तोंडी. लिहून चालत नाही."

"तोंडीच?"

"तीन मिनिटं मिळतील," ग्लेंडा म्हणाली. तिचा हेतू दिलासा देण्याचा होता.

म्हणजे रूलाबाईंची सही हवी. सही हवी, तर त्यांना लिहायला हवं. ज्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं, त्याला उत्तर दिल्याशिवाय आता नगरपालिकेचं कामही अडलं होतं. टेबलाशी बसलो. पहिला मसुदा फाडला, त्यात रोम आलं होतं. दुसरा फाडला, त्यात मी किती वाईट माणूस आहे याचं इतकं सुंदर वर्णन झालं होतं की वाचून मला बरं वाटू लागलं. शेवटी लिहिलं ते एवढंच:

'रूलाबाई, तुमचं पत्र मिळालं होतं, अगदी वेळेवर. टपालाचा काही दोष नाही. सोबतच्या अर्जावर सही करून पाठवाल का? सभेत मी बोलेन. छपराबद्दल नाही. तुम्हाला यायचं नसलं तरी बोलेन. बिल्डर उन्हाळ्यापर्यंत थांबलाय. त्यांनी हो म्हटलं नाही तर काय, ते मला माहीत नाही. मला क्षमा करावी असं मी मागत नाही, मागायला ताट समोर नाही. ऑरिन टॅल्मेज.'

'त्यांनी' म्हणजे नगरपरिषदेनं, हे स्पष्ट होत नव्हतं. शेवटच्या वाक्यात काहीतरी बिनसलं होतं. पुन्हा लिहिण्याची फार इच्छा झाली. पाकीट चिकटवलं आणि ती इच्छा परत यायच्या आत घराबाहेर पडलो.

निळ्या टपालपेटीपाशी बर्निस भेटली, हातात नव्या पाट्यांचा गठ्ठा. ऑलिम्पिया चालवायला कुणीतरी पुढे यावं, अशी मोहीम तिनं काढली होती.

"बरा भेटलास! एक पत्रक लिहून हवंय. हे कुणाला पत्र?"

"रूलाबाईंना."

"वा! परत ये म्हणून लिहिलंस ना?"

"नाही," मी म्हणालो. "ऑलिम्पिया पाडायची आहे, म्हणून लिहिलंय. मी सभेत तसं सांगणार आहे."

बर्निसनं पाट्या पोटाशी धरल्या. "ऑरिन, बरं वाटत नाहीये का तुला?"

"नाही," मी म्हणालो. "बरेच दिवस झाले."

"पण माझे गुलाब…" ती म्हणाली आणि थांबली. माझ्या दारातल्या त्या संध्याकाळनंतर गुलाबांचं नाव तिनं आत्ता पहिल्यांदाच घेतलं होतं. मला तिची दया आली. माझीही आली, पण ती नेहमीचीच.

मी पेटीचं झाकण ओढलं, पाकीट आत टाकलं आणि झाकण सोडलं. मग, पाकीट मध्येच अडकलं तर नाही ना म्हणून, इथे सगळेच करतात तसं झाकण पुन्हा एकदा उघडून आत पाहिलं. पत्र पेटीच्या तळाशी गेलं होतं.